दोन्ही बाजूंनी धार

देवीदासचं पत्र वैशाखात आलं आणि त्याचं उत्तर माझ्याकडून गेलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. रोज द्यायचं होतं. पंख्याखाली बसून मी ते वाचलं, घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. मग चष्मा घ्यायला गेलो की आधी पत्रच दिसायचं. काही दिवसांनी मी चष्मा ठेवायची जागा बदलली.

पत्रात आडवळणाचं काही नव्हतं. एक सरळ प्रश्न होता.

‘सरले नमस्कार. उन्हाळ्याच्या आधी मले लकवा मारला. पाय परत आला. डावा हात आहे, पण त्यात जोर नाही. चमचा धरते, पटाशी धरत नाही. तुमी शिकवलेली दगडावरची धार आता लागत नाही. पातं डोलते आणि कोर गोल होते. मोबाईलवर पाहिलं तं धार लावाच्या लय पद्धती निघाल्या. कोणी म्हणते दगडच, कोणी म्हणते गाडी लावा, कोणी काचेवर पाणी पेपर, कोणी मशीन. जेवढं पाहिलं तेवढा घोटाळा वाढला. तुमी सांगान ती एक घेतो. जमत नसन तं तसं सांगा, हत्यारं इकून टाकतो, तेल्हाऱ्याचा चंदन सुतार मागूनच राहिला आहे. तान्ह्या पोळ्याचे बैल कराचे का नाही ते त्याच्यावरच आहे. फोन करत नाही. फोनवर तुमी नुसतं हो हो म्हणता.’

शेवटचं खरं आहे. फोनवर समोरचा माणूस दिसत नाही, आणि दिसत नसलेल्या माणसाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. दिसत असलेल्यालाही फारसं जमत नाही.

अमरावतीला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी सुतारीचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. आमच्या घरी संत्र्याची झाडं आणि भाजीपाला. लाकूड फक्त चुलीत. मी पुस्तकातून सुतार झालो. हत्यारांवरची पुस्तकं मिळतील तेवढी जमवली, आणि वर्गात बोलताना जीभ अडायची म्हणून फळ्यावर आकृत्या फार काढल्या. देवीदास माझा विद्यार्थी, अकोल्याकडचा, फुलं पिकवणाऱ्या घरातला. त्याच्याही घरात कोणी सुतार नव्हतं. पण त्याचा हात पहिल्याच वर्षी बसला. आता तो अकोला शहरात जठारपेठेत राहतो, देवघरं आणि पाट करतो, आणि पोळ्याच्या आधी लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा, भरतो, त्यात पोरं चाकावरचे लाकडी बैल दोरीनं ओढत मिरवतात. देवीदासचे बैल लोक ओळखतात. मान जराशी वळलेली, गळ्याची पोळी खाली लोंबलेली, वशिंड जिवंत बैलासारखं एका बाजूला कललेलं.

अशा माणसानं विचारलं होतं की कोणती पद्धत घेऊ, आणि मी चष्म्याची जागा बदलत होतो.

अडचण अशी होती. पटाशीला दगडावर धार लावताना उजवा हात मूठ धरतो आणि डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर, धारेच्या अगदी मागे, दाबून बसतात. पाहणाऱ्याला वाटतं काम उजवा करतो. उजवा नुसता ढकलतो. कोन डावा सांभाळतो. ती बोटं गेली की पातं पुढं जाताना वर उठतं आणि मागं येताना खाली बसतं. सरळ उतार हवा तिथं फुगवटा येतो. अशी पटाशी लाकडात शिरत नाही, घसरते. हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे. मात्र डावा हात नसलेल्या माणसानं काय करायचं, याची आकृती मी कधी काढलेली नव्हती.

म्हणून एका सकाळी मी पार्वताला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, “माहा डावा हात बांधून दे.”

“कावून?”

“देवीदासले लकवा झाला.”

“त्याले झाला तं तुमी कावून बांधून घेता?”

मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, जुन्या साडीची किनार फाडली आणि हात कमरेशी आवळला. गाठ मारताना म्हणाली, “पाणी भराच्या टायमाले सोडून घ्या. कोणी पाहिलं तं म्हणन, म्हातारीनं म्हाताऱ्याले बांधून ठेवलं.”

व्हरांड्यात माझं छोटं बाक आहे. त्यावर पहिल्यांदा दगड घेतला. तेल टाकलं, एका हातानं पटाशी चालवली. देवीदासनं लिहिलं होतं तेच झालं, फक्त माझं जरा जास्त वाईट झालं. मग ग्राइंडरवर गेलो. हातानं टेकवून धरलेलं पातं एका जागी जरा जास्त थांबलं आणि टोकाला निळा डाग पडला. पोलाद निळं झालं की त्याचा कस जातो, तेवढा भाग घासून काढावा लागतो. पाण्यात फिरणारी मशीन येते, तिच्यावर पातं तापत नाही; ती एका ओळखीच्या कारखान्यात जाऊन पाहिली. चांगली आहे. पण तिच्यावरून काढल्यावरही शेवटची बारीक धार हातानंच लावावी लागते, आणि तिथं पुन्हा तो डावा हात आलाच.

मग गाडी. पातं एका ठरावीक कोनात आवळून धरणारा लहानसा शिकंजा, त्याच्याखाली चाक. इंग्रजी पुस्तकांत त्याला मोठं नाव आहे, आम्ही संस्थेत नुसतं गाडी म्हणत असू आणि नव्या पोरांनाच देत असू. गाडीला कोन सांभाळावा लागत नाही. एका हातानं ढकलली तरी चालते. पण दगड मधे झिजलेला असला की गाडी त्या खळग्यात उतरते, आणि दगड सपाट करायला दोन हात लागतात. म्हणून दगड काढला, जमिनीवर पाट मांडून त्यावर जाड काच ठेवली, तिच्यावर पाणी शिंपडून पाणी पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, अंथरला. पेपर पाण्यानंच काचेला धरून बसतो. काच सरकू नये म्हणून पाटाला दोन पट्ट्या ठोकल्या. स्क्रू आवळताना गाडी दोन पायांच्या तळव्यांत धरली. सुतार जमिनीवर बसून काम करतो तेव्हा पाय रिकामे नसतातच.

धार लागली. हात बांधलेला असताना लागली. मी कागदाचा तुकडा पायाच्या बोटांत उभा धरून कापून पाहिला. खूश व्हायला हवं होतं, पण खांदा इतका भरून आला होता की तसाच बसून राहिलो. पार्वतानं येऊन गाठ सोडली.

“झालं का?”

“सरळ पटाश्यांचं झालं.”

“मंग लिहा.”

“गोल पटाश्या राहिल्या.”

गोल पटाशीचं पातं नालीसारखं असतं. तिला धार लावताना पुढं ढकलत ढकलत मनगट वळवावं लागतं, आणि वळताना धारेजवळ डाव्या बोटांचा आधार लागतो. गाडीत ती बसत नाही. काचेवर ती एका रेघेवरच टेकते. मी तिला बाकाच्या शिकंज्यात धरून दगडच तिच्यावर फिरवून पाहिला, पेपर गोल दांड्याला गुंडाळून पाहिला. एकदा जमल्यासारखं वाटलं, दुसऱ्यांदा कोपरा उडाला. बैलाच्या गळ्याची पोळी गोल पटाशीनंच येते.

उत्तर लिहायला बसलो की चार पानं व्हायची. दगडाचे फायदे, पण. मशीनचे फायदे, पण. प्रत्येक पद्धतीला न्याय द्यायचा म्हणून मी इतकं लिहायचो की शेवटी माझं मलाच कळत नसे. एक मसुदा पार्वतानं वाचला. ती सातवीपर्यंत शिकली आहे आणि वाचताना ओठ हलवते, त्यामुळं कुठं कंटाळली ते दिसतं.

“याच्यात सांगितलं काय?”

“सगळंच.”

“तेच म्हणून राहिली. त्यानं एक विचारलं.” तिनं कागद परत दिले. “कागदावर होत नसन तं जाऊन या. नाहीतरी घरात बसून हातच बांधून घेता.”

आषाढात गेलो. पिशवीत गाडी, पाणी पेपर आणि जेवणाचा डबा. एसटीत मूर्तिजापूरपर्यंत झोप लागली, पुढं लागली नाही. जठारपेठेत देवीदासची बायको शकुन रस्त्याच्या कडेला हार विकायला बसते. घर तिथंच मागच्या गल्लीत. तिनं मला लांबूनच ओळखलं. शेवंतीचा हार ओवता ओवता थांबली.

“सर? पत्र नाही, फोन नाही, एकदम माणूसच.”

“लिहिणार होतो.”

“हो. ते तं हेही म्हणत होते, सर लिहितीन, सर लिहितीन. चला घरी, उन्हात कावून उभे राहता.”

देवीदास पुढच्या खोलीत दिवाणावर होता. मी दारात दिसल्यावर उठायला गेला, डावा हात जरा मागं राहिला, मग उठला. चेहऱ्याची एक बाजू हसली, दुसरी थोडी उशिरा. माझ्यापेक्षा तो पुष्कळ लहान, पण त्या खोलीत आम्ही दोघं सारख्याच वयाचे वाटलो असू.

चहा झाला. अमरावतीच्या उन्हाचं झालं, त्याच्या गोळ्यांचं झालं. मी म्हटलं, “हत्यारं दाखव.”

शकुननं कपबशा गोळा केल्या.

“दाखव सरले,” देवीदास तिला म्हणाला. “तुह्याच हातानं दाखव.”

“माह्याच हातानं कावून?”

“तुही कामगिरी आहे.”

तिनं आतून गोणपाटाची गुंडाळी आणली आणि माझ्यासमोर उलगडली. पटाश्या चकचकीत होत्या. मी एक उचलून पालथी केली, मग दुसरी, मग तिसरी. पटाशीची एक बाजू उतरती असते आणि दुसरी, जिला आम्ही पाठ म्हणतो, ती आरशासारखी सपाट असावी लागते. पाठ सपाट म्हणूनच पटाशी लाकडाला टेकून सरळ चालते. इथं पाठीलाही उतार होता. सरळ पटाश्या, गोल पटाश्या, रंध्याचं पातंसुद्धा, सगळ्यांना सुरीसारखी दोन्ही बाजूंनी धार.

“कोणी केलं?”

शकुन खाली बसली. “सायकलवर धारवाला येते आमच्या गल्लीत. कात्र्या, सुऱ्या करते. माही सुरी त्याच्याकडूनच असते. हे रोज या गुंडाळीकडे पाहात बसत. मले वाटलं, धार लागली तं उठतीन. त्यानं विचारलं, बाई, एका बाजूनं करू का दोन्ही? मी म्हटलं, दोन्ही कर बाबा, एका बाजूनं करून काय पुरते? सुरीले तं दोन्हीकडूनच असते.”

“असते,” देवीदास म्हणाला. “तिचं काही चूक नाही. हार तोडाले याच्यापेक्षा चांगली पटाशी अकोल्यात भेटणार नाही.”

“बोला. इतके दिवस तोंड उघडलं नाही, आज सर आले तं बोला.”

“सर आहेत म्हणून बोललो. नाहीतं तू रडतं.”

“मी नाही रडत.” ती उठून बाहेर गेली. गिऱ्हाईक नव्हतं, तरी गेली.

माझं पत्र वेळेवर पोचलं असतं तर, हा विचार मी तिथं केला नाही. परतीच्या एसटीत केला. तिथं मी काच मागितली. शकुननं हार ठेवायच्या जुन्या खोक्याची एक जाड काच काढून दिली आणि मी जमिनीवर बसून मोठ्या पटाशीची पाठ घासायला लागलो. झालेला उतार जाईपर्यंत पाठ पुन्हा सपाट करायची. सोपं आहे, फक्त वेळ आणि दोन चांगले खांदे लागतात. माझे थोड्याच वेळात संपले. मग शकुन बसली. देवीदास दिवाणावरून सांगत होता.

“दाब मधी ठेव. टोकावर नको.”

“मधीच आहे.”

“मधी असतं तं त्या कोपऱ्यात काळं नसतं राहिलं.”

“तुमचे डोळे लय चांगले आहेत. या, घासा.”

“हात असता तं तुले बसवलं असतं का?”

ती घासत राहिली. मग मी, मग ती. संध्याकाळपर्यंत एक रुंद पटाशी आणि एक अरुंद, दोघींच्या पाठी सपाट झाल्या. बाहेर हार अर्धवट ओवून पडले होते, बारक्या फुलांना माशा लागल्या होत्या.

मग देवीदास खाली बसला. मी गाडी त्याच्यापुढं ठेवली. दोन तळव्यांत धरून स्क्रू कसा आवळायचा ते दाखवलं. त्यानं एकदाच पाहिलं आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. उजव्या हातानं गाडी काचेवर मागंपुढं नेऊ लागला. पाणी काळं झालं. पेपर बदलला, अजून बारीक घेतला. शेवटी पटाशी काढून त्यानं सागाच्या एका तुकड्याच्या आडव्या टोकाला लावली. पातळ, न तुटलेली साल निघाली.

“लागली,” मी म्हटलं.

“लागली.” त्यानं साल बोटांत धरून पाहिली. “पण सर, मी लावली असं नाही वाटत. गाडीनं लावली.”

पुस्तकात याचं उत्तर असतं की धार कोणी लावली हे लाकडाला कळत नाही. ते मला तिथं म्हणवेना.

त्यानं फळीवरून गेल्या वर्षीचा एक बैल काढला. विकायचा राहिलेला नव्हे, ठेवून घेतलेला. त्याच्या गळ्याखालून बोट फिरवलं.

“हे गोल पटाशीचं काम. त्याचं कसं कराचं? मशीन घेतली तं गोल पटाश्या होतीन का?”

होणार नव्हत्या. मला माहीत होतं. हात बांधून सगळं करून पाहिलं होतं, आणि आता तर धारवाल्यानं त्यांना आतूनबाहेरून घासून ठेवलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. देवीदास माझ्याकडे पाहत होता आणि माझ्या तोंडातून निघालं, “हो, हो.”

“हो म्हणजे होतीन?”

“म्हणजे, पाहू.”

तो पुन्हा एका बाजूनं हसला. “मी लिहिलंच होतं. तुमचं तोंडी काम नाही, सर. घरी जा आणि लिहा. येत्या बुधवारी चंदन टेम्पो घेऊन हत्यारं न्याले येते. त्याच्याआधी आलं पाहिजे.”

“येईन.”

“तुमी नका येऊ. पत्र पाठवा.”

शकुन कोपऱ्यावर ऑटोपर्यंत सोडायला आली. हातात मोगऱ्याचा गजरा होता, पार्वतासाठी. ऑटो दिसला तेव्हा म्हणाली, “सर, नाही जमत असन तं नाही लिहा. ह्यांना नाही चालते. पाहू चालत नाही. पाहू म्हटलं की हे रात्रंदिवस पाहातच बसतात.”

परतीच्या वाटेवर मी दमलो होतो आणि झोप नव्हती. एवढे दिवस मी शोधत काय होतो ते तेव्हा कुठं ध्यानात आलं. मला अशी पद्धत हवी होती की देवीदासला त्याचं सगळं परत मिळेल, बैलाची मान, गळ्याची पोळी, डाव्या हाताची बोटं. तशी पद्धत दगडात नव्हती, काचेत नव्हती आणि मशीनमध्येही नव्हती. ती मिळत नाही म्हणून मी चार चार पानं लिहीत होतो. धार कशी लावायची हे ठरवण्याआधी काय कापायचं ते ठरवायला हवं होतं, आणि ते ठरवणं मला दुसऱ्याच्या वतीनं झेपत नव्हतं.

घरी पोचल्यावर गजरा दिला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, “हात बांधून दे.”

“आता काय राहिलं?”

“बैल.”

तिनं किनार शोधून आणली.

सागाचा एक ठोकळा बाकाच्या शिकंज्यात धरला आणि फक्त दोन सरळ पटाश्या घेतल्या. मी काही बैल करणारा नाही. ठोकायला हात नव्हता, म्हणून पटाशी खांद्याच्या जोरानं ढकलली. थकलो की पडून राहिलो, उठलो की पुन्हा बसलो. मधे एकदा वाटलं की हे सगळं हास्यास्पद आहे, म्हातारपणी एक माणूस बायकोकडून हात बांधून घेऊन खेळणं करतो आहे आणि त्याला उत्तर लिहिणं समजतो आहे. अजूनही ते पूर्ण चूक आहे असं मला वाटत नाही.

बैल झाला. पोट सपाट, पाठ सपाट, मानेला दोन तिरप्या कापांनी आलेला कोन. गळ्याची पोळी म्हणजे नुसती एक तिरकी कड. शिंगं सरळ. पण उतार साफ होते, जिथं एक पातळी संपते आणि दुसरी सुरू होते तिथं रेघ चाकूसारखी. पार्वतानं उचलून फिरवून पाहिला.

“बैल आहे का पेटी?”

“बैल आहे.”

“हं.” तिनं तो परत फिरवला. “वशिंड आहे. शिंगं आहेत. पोरगं काय गळ्याची पोळी पाहाते? चाकं पळाले पाहिजे.” तो खाली ठेवत म्हणाली, “देवीदासच्या हातानं याच्यापेक्षा बरा होईन.”

“होईल.”

“तुमच्याच्यानं एवढा झाला तं होईनच.”

त्या संध्याकाळी पत्र लिहिलं. ‘पण’ आला की पेन उचलायचं, असं ठरवलं होतं. दोनदा उचललं.

‘प्रिय देवीदास,

मशीन घेऊ नको. दगड ठेवून दे. काच, पाणी पेपर आणि गाडी, एवढंच घे. गाडी तुझ्याकडेच ठेवून आलो आहे, ती परत पाठवायची नाही. स्क्रू पायात धरून आवळायचा. धार गाडीनं लावली असं वाटेल. तसंच आहे. तुझं काम त्यानंतरचं.

ज्या दोन पटाश्यांच्या पाठी आपण सपाट केल्या त्या ठेव. रंध्याच्या पात्याची पाठही शकुनबरोबर बसून तशीच काढून घे.

गोल पटाश्या आता होणार नाहीत. मी डावा हात बांधून सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. दोन्ही बाजूंनी घासलं गेलं त्यामुळं नव्हे. त्या चांगल्या असत्या तरी झाल्या नसत्या, हे शकुनला वाचून दाखव. त्या चंदनला दे. बाकी काही देऊ नको.

गळ्याच्या पोळीचा बैल आता होणार नाही. सपाट पोटाचा होतो. मी एक केला आहे, बरा नाही, चालतो. सरळ पटाशीनं, तिरप्या कापांचा, शिंगं सरळ ठेवून कर. लोक म्हणतील हे देवीदासचे बैल नाहीत. एक वर्ष म्हणतील.

या पोळ्याला बैल कर.

तुझा
गोवर्धन’

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीशी गर्दी होती, अर्ज घेऊन आलेल्या पोरापोरींची. माझी पाळी येईपर्यंत मी पाकीट दोनदा उघडायच्या बेतात होतो. पहिल्यांदा वाटलं ‘होणार नाहीत’ फार कठोर झालं. दुसऱ्यांदा वाटलं, काचेखाली ओलं फडकं ठेवायचं लिहिलंच नाही. पाकीट चिकटवलेलं होतं आणि मागची मुलगी म्हणाली, “आजोबा, सरका ना पुढं.”

खिडकीतल्या माणसानं पाकीट वजनाला ठेवलं.

“अकोल्याले केव्हा पोचन?” मी विचारलं.

“परवा.”

“बुधवारच्या आत?”

“आज शनिवार आहे, बाबा. बुधवारच्या लय आधी.” त्यानं वर न पाहता शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.